लहान विमानाच्या एअर इनटेकमध्ये (हवा आत घेणाऱ्या तोंडांमध्ये) कचरा जाऊ नये म्हणून प्लग पुरेसे आहेत का?

शिकाऊ वैमानिक:
आमचे एक इंजिनाचे, कार्ब्युरेटर (हवा आणि इंधन मिसळणारा भाग) असलेले प्रशिक्षण विमान उघड्यावर उभे असते. परवा उड्डाणपूर्व तपासणीत काउलिंगच्या (इंजिनावरच्या आवरणाच्या) आत, सिलिंडरच्या मागे, सुक्या गवताच्या काड्या सापडल्या. आदल्या संध्याकाळी तिथे काहीच नव्हते. पुढच्या तोंडांना प्लग लावले तर पुरेल का? आणि एअर फिल्टर असताना इंजिनात कचरा जाण्याची कितपत भीती असते?

देखभाल अभियंता:
पक्षी काही तासांत घरटे रचतात, त्यामुळे आश्चर्य वाटू देऊ नका. या हवेने थंड होणाऱ्या इंजिनात पुढून शिरणारी हवा सिलिंडरच्या फिनमधून (बाहेरच्या पातळ धातूच्या पट्ट्यांमधून) वाहत उष्णता नेते. ती वाट अडली की सिलिंडर तापतो, आणि एक्झॉस्टजवळचे सुके गवत पेट घेऊ शकते. प्लग जरूर लावा. ते लाल फितीचे आणि दोरीने एकमेकांना जोडलेले असावेत, म्हणजे काढायचे राहिले तर नजरेत भरतील. मात्र काउलिंगच्या खालच्या बाजूने पक्षी तरीही शिरतात, म्हणून दर वेळी टॉर्च घेऊन आत पाहावेच लागते.

उड्डाण प्रशिक्षक:
फिल्टरबद्दल एक गोष्ट विद्यार्थी हमखास विसरतात. कार्ब्युरेटर हीट (बर्फ साचू नये म्हणून कार्ब्युरेटरला गरम हवा देणारी सोय) चालू केली की गरम हवा फिल्टरला वळसा घालून आत जाते, म्हणून धुळीच्या किंवा खडीच्या जमिनीवर ती तपासणीपुरतीच चालू ठेवावी. उड्डाणात मात्र ती वापरण्यात कुचराई करू नये, कारण तापमान २१ अंश सेल्सिअसच्या खाली आणि आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असताना कार्ब्युरेटरमध्ये बर्फ साचण्याचा धोका सर्वाधिक असतो. रन-अपही (उड्डाणापूर्वी इंजिन वेगाने चालवून घेतलेली चाचणी) स्वच्छ, पक्क्या जागेवरच करावा. प्रोपेलर खडे वर ओढून घेतो.

देखभाल अभियंता:
यात भर घालतो. फ्युएल इंजेक्शनच्या (कार्ब्युरेटरऐवजी इंधन फवारणाऱ्या) इंजिनात फिल्टर बर्फाने किंवा कचऱ्याने तुंबला, तर ऑल्टरनेट एअरचे (पर्यायी हवेच्या वाटेचे) झडप उघडून काउलिंगमधली गरम, न गाळलेली हवा घेतली जाते. शक्ती थोडी घटते, पण इंजिन चालू राहते. हेच झडप नीट मिटत नसेल, तर धूळ रोज आत जात राहते आणि कोणाला कळतही नाही. तेलाच्या चाचणीत सिलिकॉन, म्हणजे धूळ आत गेल्याची खूण, वाढलेले दिसले, तर मी आधी हे झडप आणि फिल्टरच्या कडेचे सील पाहतो.

शिकाऊ वैमानिक:
आज आमच्या अभियंत्यांनी फिल्टर काढला. सील एका कोपऱ्यात दुमडलेले होते आणि त्याच्या मागे, स्वच्छ बाजूला, धुळीची बारीक रेघ उमटली होती. सील बदलेपर्यंत विमान उडणार नाही.