जर्मन नागरिकत्व घ्यावं का? नागपूरला आई-बाबा, काटोलला संत्र्याची बाग. अनुभवी लोकांचा सल्ला हवा आहे

बर्डीवाली:
नमस्कार मंडळी. मी मूळची नागपूरची, लहानपण बर्डीवर गेलं. आता आई-बाबा त्रिमूर्तीनगरात राहतात. मी नऊ वर्षांपासून स्टुटगार्टला आहे, नवरा आणि सहा वर्षांची मुलगी सोबत. दोघांकडेही कायम वास्तव्याचा परवाना आहे. भाषेची बी-वन परीक्षा झाली, नागरिकत्वाची चाचणीही मागच्या महिन्यात दिली (33 पैकी 17 उत्तरं बरोबर लागतात, माझी 31 आली). नवऱ्याने त्याचा अर्ज पाठवूनही दिला. माझा भरून ठेवलाय, पण पाठवायला हात धजत नाही.

27 जून 2024 पासून जर्मनीने दुहेरी नागरिकत्वाला मोकळीक दिली आणि आठ वर्षांची अट पाचवर आणली. त्यामुळे ऑफिसातले सगळे म्हणतात, दोन्ही ठेव की! अडसर जर्मनीचा नाही, आपल्या देशाचा कायदा दुसरं नागरिकत्व चालवून घेत नाही, हे त्यांना सांगून सांगून थकले.

खरी काळजी वेगळीच आहे. बाबांची काटोलजवळ चार एकर संत्र्याची बाग आहे. बाबा 71 वर्षांचे आहेत. दिवाळीत गेले तेव्हा त्यांनी सातबाऱ्याची फाइल माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "तुझ्या नावाने बक्षीसपत्र करून टाकतो, तू परकी व्हायच्या आत." ते सहज बोलून गेले, पण 'परकी' हा शब्द तेव्हापासून मनातून जात नाही. दुसरं म्हणजे आईचे गुडघे पार गेलेत. पुढेमागे वर्षभर नागपूरला येऊन राहावं लागेल असं दिसतंय. आणि मुलीला पुढे भारतात शिकायचं झालं तर? ज्यांनी हे केलंय किंवा विचार करून केलं नाही, त्या दोघांचंही ऐकायचं आहे.

सातबारा:
ताई, बक्षीसपत्र करू नका. बाबांना आजच फोन करा. मी जमिनीचीच कामं बघतो, म्हणून इतक्या ठामपणे सांगतोय.

तुम्ही आज भारतीय नागरिक असलात तरी राहता परदेशात. अनिवासी भारतीयाला शेतजमीन विकत घेता येत नाही आणि बक्षीस म्हणूनही घेता येत नाही. फेमा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याखालचे नियम तसे आहेत. ओसीआय कार्ड (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देतं ते) असलेल्यालाही हाच नियम. म्हणजे शेतजमिनीच्या बाबतीत तुमचा पासपोर्ट निळा भारतीय की मेहरून जर्मन, याने फरक पडत नाही. बाबा आत्ता बक्षीसपत्र करतील तर ते नियमाविरुद्ध होईल आणि पुढे बाग विकायची वेळ आली की नेमकं तेच कागद अडवतील.

वारसाहक्काची गोष्ट वेगळी. भारतात राहणाऱ्या वडिलांकडून शेतजमीन वारशाने अनिवासी भारतीयालाही मिळते आणि ओसीआयलाही. तेव्हा बाबांना मृत्युपत्र करायला सांगा, दोन साक्षीदार घ्या आणि नोंदणीही करा. कायद्याने नोंदणी सक्तीची नाही, पण फेरफाराच्या वेळी फार उपयोगी पडते. मृत्युपत्रात गट नंबर, विहीर, झाडं सगळं लिहा. पुढे विकायची झाली तर भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकालाच विकता येते. पैसा एनआरओ खात्यात (अनिवासी भारतीयांचं भारतातलं रुपयांचं खातं) येतो आणि तिथून कर भरून एका आर्थिक वर्षात दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतो.

पासपोर्ट बदलला म्हणून बाग जात नाही. हे बाबांना नीट समजावून सांगा, त्यांच्या बोलण्यामागे मला तीच भीती दिसते.

म्यूनिकचा वऱ्हाडी:
मी मूळचा वरुडचा, कॉलेज नागपूरला. म्यूनिकला अकरा वर्षांपासून राहून राहिलो. मागच्या वर्षी घेतलं. ताई, तुम्ही जे आईचं लिहिलं ना, माझा निर्णय त्याच कारणाने झाला.

कायम परवाना म्हणजे कायमचा असं आपण धरून चालतो. तसं नाही. सहा महिन्यांपेक्षा जास्त जर्मनीबाहेर राहिलं तर तो आपोआप रद्द होऊ शकतो. पंधरा वर्षं कायदेशीर राहून, उत्पन्नाची सोय असलेल्यांना सूट आहे, पण आपण तिथवर पोचलो नाही. माझ्या बाबांना पॅरालिसिस झाला तेव्हा मी दर पाच महिन्यांनी परत जायचो, फक्त परवाना वाचवायला. वरुडला बाबा पलंगावर आणि मी कॅलेंडरवर दिवस मोजून राहिलो, ते आठवलं की आजही जीव कासावीस होतो. आता जर्मन पासपोर्ट आणि ओसीआय आहे. गावाकडे दोन वर्षं राहिलो तरी इकडचं दार बंद होत नाही, तिकडे व्हिसा नको, परदेशी नागरिक म्हणून पोलिसात नोंदणी नको. परकं व्हायचं म्हणून नाही, घरी मनसोक्त राहता यावं म्हणून घेतलं मी.

आता एका गोष्टीत फार जपा. नागरिकत्वाचं प्रमाणपत्र हातात पडलं त्या क्षणी भारतीय नागरिकत्व संपतं. 1955 च्या नागरिकत्व कायद्याचं कलम 9 हेच सांगतं, वेगळा अर्ज लागत नाही. निळा पासपोर्ट कपाटात असतो, त्यावर पुढची तारीख असते, आणि माणसाला वाटतं एक फेरी मारून येऊ. मारू नका, तो गुन्हा आहे. आधी जर्मन पासपोर्ट, मग दूतावासात भारतीय पासपोर्ट जमा करून त्यागाचं प्रमाणपत्र, मग ओसीआय. यात काही महिने जातात. माझ्या मधल्या काळात आईला ॲडमिट केलं, तेव्हा ई-व्हिसा काढून धावलो. म्हणून प्रमाणपत्र घ्यायची तारीख आईच्या ऑपरेशनच्या आसपास येऊ देऊ नका.

आणि ताई, अर्ज पाठवला म्हणजे काही गेलं नाही. शहराप्रमाणे कित्येक महिने, कुठे वर्षाच्या वर लागतं. प्रमाणपत्र मिळेपर्यंत तुम्ही पूर्ण भारतीयच आहात आणि अर्ज मागेही घेता येतो. फी मोठ्यांची 255 युरो, सोबतच्या लहान मुलाची 51. अर्ज पाठवा, विचार तोवर चालू राहू द्या.

शंकरनगरची काकू:
बेटा, माझा मुलगा कॅनडाला, त्याचंही ओसीआय आहे. आईच्या बाजूने लिहिते. त्याने शपथ घेतली त्या दिवशी व्हिडिओ कॉल लावला होता. मी देवघरासमोर बसले होते, आवाज फुटेना. तो म्हणाला, आई, बोल काहीतरी. मी एवढंच विचारलं, "जेवलास का?"

नंतर तो दरवर्षी पूर्वीसारखाच आला. मागच्या उन्हाळ्यात तीन महिने राहिला, कूलरचं खस बदलण्यापासून गच्ची धुण्यापर्यंत सगळं त्यानेच केलं. एकच दिवस मन भरून आलं. मतदानाच्या दिवशी आम्ही दोघं बोटाला शाई लावून आलो आणि तो गेटवर स्कूटर घेऊन उभा होता. मत देता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही, ते गेलं ते गेलंच. तुला त्याचं किती वाटतं हे तूच ठरव. बाबांशी मात्र फोनवर बोलू नकोस, समोर बसून बोल.

परतलेला:
मी घेतलं नाही. फ्रँकफुर्टला सात वर्षं होतो, पात्र होतो, तरी भारतीय पासपोर्टवरच परत आलो. आता नागपूरच्या मिहान प्रकल्पात नोकरी करतो. दीक्षाभूमीजवळ वाढलो, संविधान घरात पूजेसारखं वाचलं जायचं. त्यातलं नागरिकत्वाचं प्रकरण, कलम 5 ते 11, शाळेत असताना बाबांनी वाचून घेतलं होतं. मला ते नागरिकत्व सोडवलं नाही. परवाना गेला, त्याची खंत नाही. पण माझे भाऊ-वहिनी आई-बाबांजवळ होते आणि परत यायचं हे आधीच ठरलं होतं. तुमचं तसं ठरलेलं नसेल तर माझं उदाहरण धरू नका.

मुलीच्या शिक्षणाचं कुणी लिहिलं नाही म्हणून सांगतो. 4 मार्च 2021 च्या अधिसूचनेनंतर नव्या ओसीआय मुलांना नीट, जेईई देता येते, पण प्रवेश अनिवासी भारतीयांच्या किंवा जादा जागांवरच. म्हणजे नागपूरच्या व्हीएनआयटी या इंजिनिअरिंग कॉलेजची साधी जागा तिला मिळणार नाही आणि फी बरीच जास्त पडेल. हा खरा तोटा आहे. ती सहा वर्षांची आहे, पण हिशोबात आत्ताच धरा.

बर्डीवाली:
सगळ्यांचे मनापासून आभार. सातबारा दादा, रात्रीच बाबांना फोन केला. बक्षीसपत्राची तारीखही घेऊन ठेवली होती त्यांनी! रद्द केली, मृत्युपत्राला तयार आहेत. काकू, तुमचं वाचून रडले. फेब्रुवारीत येते आहे, तेव्हा समोर बसूनच बोलेन.

अर्ज उद्या पाठवते. आता एकच अडचण: माझ्या जन्मदाखल्यावर नावाची जागा कोरी आहे, फक्त 'मुलगी' आणि आई-बाबांची नावं. पासपोर्टवर लग्नानंतरचं आडनाव. नागपूरच्या एका एजंटने अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून सरकारी शिक्का) करून देतो म्हणून बारा हजार मागितले. द्यावे का?

म्यूनिकचा वऱ्हाडी:
देऊ नका! जर्मनीने भारताच्या अपोस्टिलला मान्यता दिलेली नाही, आक्षेप घेतलेला आहे. इथल्या कार्यालयाला शंका आली तर ते जर्मन वकिलातीमार्फत कागदांची पडताळणी करवून घेतात. माझेही सुरुवातीला असेच पैसे गेले. आधी तुमच्या अधिकाऱ्याला मेल करून नेमकं काय हवं ते लेखी घ्या.

फेब्रुवारीत येताय ना, तेव्हा महानगरपालिकेच्या झोन ऑफिसात नाव चढवता येतं का विचारा, येत असेल तर नवा दाखला घ्या. शाळा सोडल्याचा दाखला, बाबांचं आधार आणि लग्नाचं प्रमाणपत्र सोबत न्या. दोन प्रती जास्त काढा, एक ओसीआयला लागेल. भाषांतर इथल्या शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच करा, तिकडचं बहुतेक कार्यालयं घेत नाहीत. आणि सगळीकडे नावाचं स्पेलिंग एकच ठेवा, माझ्या बाबांच्या नावातल्या एका 'एच'साठी ओसीआय अडीच महिने अडलं होतं.