हौशी टेनिस: तुमचा खेळ कशाने सुधारला? (अनुभव धागा)

ड्यूसवाला

फेडररने २०२४ मध्ये अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या पदवीदान समारंभात भाषण केलं होतं, त्याची क्लिप काल कोणीतरी पुन्हा पाठवली. १५२६ एकेरी सामने, त्यातले जवळपास ८० टक्के जिंकलेले. आणि पॉइंट? फक्त ५४ टक्के. आकडा आधी ऐकला होता, तरी काल ऐकताना एकदम आमच्या कोर्टवरचे एक काका डोळ्यांसमोर आले.

काकांना सगळे 'भिंत' म्हणायचे. साठी उलटलेली, गुडघ्याला पट्टा, फोरहँड म्हणजे नुसता ढकललेला बॉल. सर्व्हिसला वेग नाही, पण डबल फॉल्ट (दोन्ही सर्व्हिस चुकणे) करताना त्यांना कोणी पाहिलेलं नाही. आम्ही पंचविशीतली पोरं, जीव खाऊन टॉपस्पिन मारायचो आणि काका आम्हाला ६-२, ६-१ असं शांतपणे घरी पाठवायचे. एकदा सेट संपल्यावर त्यांनी मला बेसलाइनच्या कोपऱ्यात उभं केलं आणि रॅकेटच्या टोकाने हवेतच रेघा ओढून दाखवल्या. सरळ मारलास तर कोर्ट ७८ फूट. या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात मारलास तर साडेब्याऐंशी. वर नेट खांबापाशी साडेतीन फूट आणि मध्यभागी तीनच. "तिरक्यात चार फूट जागा जास्त, सहा इंच नेट कमी. फुकट मिळतंय ते का सोडतोस?"

तेव्हापासून रॅलीत तिरकंच मारायचं ठरवलं. डाउन द लाइन (बाजूच्या रेषेला धरून सरळ) कधी, तर बॉल आखूड आलाय आणि आपण बेसलाइनच्या आत उभे आहोत तेव्हाच. फोरहँड होता तसाच राहिला, पण काकांशी सेट टायब्रेकपर्यंत जायला लागले. जिंकलो का ते विचारू नका.

तर सांगा मंडळी. ग्रिप, सर्व्हिस, डावपेच, दुहेरी, काहीही चालेल. कशाने फरक पडला, आणि खूप गाजावाजा असूनही कशाने पडला नाही, तेही येऊ दे.

नेटकरी

पहिला मी! मीटिंगमध्ये आहे, नंतर सविस्तर लिहितो. तूर्तास एकच शब्द: कॉन्टिनेंटल.

आडवा_स्लाइस

असे काका प्रत्येक कोर्टवर असतात. आमच्याकडे मावशी आहेत. असा उंच लॉब टाकतात की बॉल खाली येईपर्यंत डोक्यात चार बेत होतात आणि चारही फसतात.

बेसलाइनवरून

दुसरी सर्व्हिस (पहिली चुकली की मिळते ती). बाकी सगळं त्यानंतर.

माझी पहिली सर्व्हिस तोफेसारखी सुटायची, दहातली दोन आत. दुसरी म्हणजे निव्वळ विनंतीअर्ज. हात आखडायचा, बॉल कसाबसा नेटवरून टपकायचा आणि समोरचा पुढे येऊन त्याचं काय करायचं ते करायचा. कोचने सांगितलं की हात पहिल्या सर्व्हिसइतकाच जोरात फिरला पाहिजे, फरक फक्त दिशेचा. बॉलवर आदळायचं नाही, त्याला खालून वर घासायचं. उजव्या हाताने खेळत असाल तर टॉस किंचित डावीकडे, जवळजवळ डोक्यावर. बॉल म्हणजे घड्याळाची तबकडी समजून रॅकेट सातवरून एककडे न्यायची. मग तो नेटवरून चांगला उंचावरून जातो आणि फिरकीमुळे पलीकडे खाली पडतो. जोरात मारूनही आत राहतो, ही गंमत पटायलाच वेळ लागला.

सराव सर्व्हिस लाइनवरून सुरू केला, मग एकेक पाऊल मागे. जुन्या बॉलची टोपली, कोर्ट रिकामं. सुरुवातीला निम्मे बॉल थेट मागच्या जाळीत. आवाजाकडे कान ठेवायचा. 'ठाप्' आलं की फ्लॅट लागला, 'सर्र' आलं की घासला गेला. एक दिवस नेहमीच्या पार्टनरच्या खांद्यापर्यंत बॉल उसळला आणि तो रॅकेट छातीशी धरून नुसता बघत राहिला. पुढे लिहायचं होतं पण बाळ उठलं.

डावखुरी

@बेसलाइनवरून 'ठाप्' आणि 'सर्र' हे कोचलाही इतकं नीट सांगता येत नाही हो. बाळाला झोपवून या परत.

गुडघेदुखी

नाव गुडघेदुखी असलं तरी दुखला कोपर. टेनिस एल्बो झालेले किती जण आहेत इथे? हात वर करा (येत असेल तर).

मोठे खेळाडू वापरतात म्हणून मीही पॉलिएस्टर स्ट्रिंग लावून घेतल्या होत्या, तेही कडक ताणून. त्यांचा हात वेगळा, आपला वेगळा, हे दुकानात कोणी सांगत नाही. कप उचलताना कळ यायची, दाराची मूठ फिरवताना यायची. शेवटी फिजिओकडे गेलो. मल्टिफिलामेंट स्ट्रिंग लावल्या, ताण कमी केला, ग्रिपवर ओव्हरग्रिप चढवली. आणि एकहाती बॅकहँड मी मनगटाने, तोही उशिरा मारत होतो. बॉल अंगाच्या पुढे गाठायला लागलो तेव्हा खरा आराम पडला. म्हणजे दुखण्यामुळे का होईना, तंत्र सुधारलं.

मूकवाचक

@गुडघेदुखी फिजिओने व्यायाम कोणता दिला? माझंही तेच चालू आहे.

गुडघेदुखी

@मूकवाचक फोरआर्म टेबलवर टेकवायचा, पंजा टेबलच्या कडेबाहेर, तळवा जमिनीकडे, हातात हलकं वजन. वर नेताना दुसऱ्या हाताने मदत करायची, खाली आणताना मात्र दुखऱ्या हातानेच, अगदी हळूहळू. पण आधी एकदा दाखवून घ्या, ऐकीव माहितीवर करू नका. माझ्याही नाही.

नेटकरी

आलो. तर कॉन्टिनेंटल.

रॅकेटच्या दांड्याला आठ कंगोरे असतात. रॅकेट उभ्या कडेवर धरली की वरचा पहिला, मग उजवीकडे मोजत जायचं (डावखुऱ्यांनी उलट). तर्जनीचं मूळ दुसऱ्या कंगोऱ्यावर म्हणजे कॉन्टिनेंटल, तिसऱ्यावर ईस्टर्न फोरहँड, चौथ्यावर सेमी-वेस्टर्न. बहुतेक हौशी लोक फोरहँडच्याच ग्रिपने सर्व्हिस करतात, कारण त्यात बॉल सरळ समोर जातो आणि बरं वाटतं. पण मनगट-फोरआर्म फिरायला वावच राहत नाही आणि फिरकी मिळत नाही.

बदल केल्यावर सगळे बॉल डावीकडे पळायला लागले. इथेच लोक कंटाळून जुन्या ग्रिपवर जातात. थांबायचं. बॉलपाशी पोचताना रॅकेटची कड पुढे आणि शेवटच्या क्षणी फोरआर्म बाहेर वळतो, हे एकदा बसलं की बॉल सरळ जातो.

व्हॉलीलाही (टप्पा पडायच्या आत मारलेला बॉल) हीच ग्रिप. नेटपाशी ग्रिप बदलायला वेळ कुणाकडे असतो?

आडवा_स्लाइस

नेटवर खेळणारा नेटकरी. आयडी घेताना ठरवून घेतला होता की योगायोग?

नेटकरी

योगायोग. पण आता ठरवून होता असंच सांगणार.

शेवटचा_बॉल

फोन जाळीला अडकवून स्वतःचा व्हिडिओ काढा. आरशात आपण बरे दिसतो, व्हिडिओत खरे. माझ्या मनातला फोरहँड आणि व्हिडिओतला फोरहँड यांची ओळखही नव्हती. पण खरी मेख फोरहँडमध्ये नव्हतीच. समोरचा बॉल मारतो त्या क्षणी मी दोन्ही टाचा टेकवून उभा. मग पळापळ, मग उशीर, मग फटका वाकडा, आणि दोष फटक्याला.

स्प्लिट स्टेप. समोरच्याची रॅकेट बॉलला लागायच्या जरा आधी छोटीशी उडी, आणि लागते तेव्हा चवड्यांवर उतरायचं. एवढंच. सवय लागेपर्यंत मी प्रत्येक वेळी मोठ्याने "हॉप" म्हणायचो. पार्टनर वैतागून म्हणाला, एकतर उडी मार नाहीतर बोल, दोन्ही ऐकवत नाही.

रविवारी_टेनिस

दुहेरीवाले आहेत का कोणी? मी आणि नवरा एकत्र खेळतो. (हो, अजून एकत्र राहतो.)

आमची सगळी भांडणं मधल्या बॉलवरून. "तुझा होता!" "मला वाटलं तू घेतोयस!" आणि बॉल दोघांच्या मधून सुखरूप निघून जातो. शेवटी ठरवून टाकलं की मधला बॉल ज्याच्या फोरहँडला त्याचा. लॉब डोक्यावरून गेला की मागे पळणारा "बदल" ओरडणार, दुसरा मुकाट बाजू बदलणार, चर्चा पॉइंट संपल्यावर. रिटर्न तिरका आणि खाली, पुढे येणाऱ्या सर्व्हरच्या पायात. नेटवरच्या माणसाला टाळायचं. आधी मला वाटायचं जोरात मारलं की झालं, आता नुसतं पायात टाकते. नवरा पोच करतो (नेटवरून आडवा सरकून बॉल चोरणे). आधी तो फार लवकर हलायचा आणि त्याच्या मागची गल्ली मोकळी पडायची. आता रिटर्न मारणाऱ्याची मान खाली गेली की मगच निघतो.

बोपण्णा ४३ व्या वर्षी एब्डनबरोबर ऑस्ट्रेलियन ओपनची दुहेरी जिंकला, २०२४ ला. तेव्हापासून घरात वयाची सबब चालत नाही.

गुडघेदुखी

@रविवारी_टेनिस हे घरी दाखवू नका, माझी सबब जाईल.

डावखुरी

आम्ही डावखुरे जन्मजात थोडे नशीबवान, मान्य. ॲड कोर्टवरून (सर्व्हरची डावी बाजू) बाहेर वळणारी स्लाइस सर्व्हिस टाकली की उजव्या हाताचा माणूस बॅकहँड घेऊन ट्रॅमलाइनच्या बाहेर, आणि पलीकडे अख्खं कोर्ट मोकळं. ४०-३० काय किंवा ३०-४० काय, गेम ठरवणारे बरेच पॉइंट ॲडलाच येतात. गंमत म्हणजे डाव्या हाताने खेळणारा नदाल लिहितो उजव्या हातानेच. त्याच्या उंच उसळणाऱ्या फोरहँडने फेडररच्या एकहाती बॅकहँडला वर्षानुवर्षं छळलं. मग २०१७ च्या ऑस्ट्रेलियन ओपन फायनलला फेडरर तोच बॉल वर चढायच्या आत पुढे येऊन मारत होता, स्लाइस कमी, सपाट फटके जास्त. २०१४ मध्ये रॅकेट ९० वरून ९७ चौरस इंचावर नेली होती त्याचाही हात असणार. पाच सेटमध्ये जिंकला.

आपण एवढंच घ्यायचं की वॉर्मअपमध्ये समोरच्याला वाचायचं. बॅकहँडचा बॉल आला की वळसा घालून फोरहँड मारतोय का? व्हॉली नको म्हणून नेटपासून लांब राहतोय का? पहिले दोन गेम त्याच्यावरच घालवा.

एकहाती

सगळ्यांशी थोडी असहमती नोंदवतो. तिरकं मारा, उंच मारा, पायात टाका, चुका टाळा... मग खेळायचं कशाला? मी आठवडाभर स्क्रीनसमोर बसतो. मला त्या दोन तासांत एकदा तरी एकहाती बॅकहँड डाउन द लाइन सणसणीत गेलेला बघायचा असतो. सेट गेला तर गेला. माझा खेळ सुधारलेला नाही आणि मी मजेत आहे.

ड्यूसवाला

@एकहाती मुद्दा बिनतोड. पण तुमच्याबरोबर दुहेरी कोण खेळतं?

एकहाती

@ड्यूसवाला कोणी नाही. म्हणून इथे लिहितोय.

मूकवाचक

जरा विषयांतर. अंडरआर्म सर्व्हिस चालते का? एकाने टाकली आणि आमच्याकडे महाभारत झालं.

शेवटचा_बॉल

नियमात बसते. अमेरिकेच्या मायकल चँगने १९८९ च्या फ्रेंच ओपनमध्ये तेव्हाच्या अव्वल इव्हान लेंडलला टाकली होती. चौथी फेरी, पाचवा सेट, पायात गोळे, वय १७. पॉइंट घेतला, मॅच घेतली, पुढे स्पर्धाही घेतली. मॅच पॉइंटला तर रिटर्नसाठी जवळजवळ सर्व्हिस लाइनपाशी येऊन उभा राहिला आणि लेंडलने डबल फॉल्ट केला.

आडवा_स्लाइस

आमच्या मावशी रोजच टाकतात. त्यांना कोणी नियम विचारत नाही, हिंमत नाही.

रविवारी_टेनिस

महाभारत म्हटलं की लाइन कॉल आलेच. शंका असेल तर बॉल आत धरायचा, हा नियम छापून जाळीला लावायला हवा. आमच्या इथे एक जण बॉल पडायच्या आधीच बोट वर करतो.

बेसलाइनवरून

बाळ झोपलं. अर्धवट राहिलेलं: पहिली सर्व्हिसही आता पूर्ण ताकदीने मारत नाही. जरा कमी वेग, पण निम्म्याहून जास्त आत. दुसऱ्या सर्व्हिसचा विश्वास आल्यावरच पहिली मोकळी झाली. आणि ३०-४० ला सर्व्हिस करायच्या आधी बॉल आपटत कुठे टाकायचा ते मनात ठरवतो, टॉस हवेत गेल्यावर विचार बदलत नाही.

नवीन_आहे

मी चाळिशीनंतर नुकतंच सुरू केलंय. वरचं सगळं वाचून घाबरले. माझा अजून बॉल-रॅकेटचा संबंध येईना. येतो तेव्हा बॉल शेजारच्या कोर्टवर.

डावखुरी

@नवीन_आहे अजिबात घाबरू नका. हिरव्या ठिपक्याचे बॉल आणा, नेहमीच्या बॉलपेक्षा साधारण २५ टक्के हळू असतात. उसळी कमी, वेळ जास्त. केशरी त्याहून हळू. मुलांसाठी म्हणून विकतात, पण मोठ्यांनी शिकताना वापरले तर कोणी पोलिसात देत नाही. आणि सर्व्हिस बॉक्समध्येच छोटं टेनिस खेळा आधी.

शेवटचा_बॉल

+१. आम्ही अजूनही वॉर्मअप तसाच करतो. हळू बॉलवर पाय कुठे आहेत ते नीट कळतं.

नवीन_आहे

अय्या, हिरव्या ठिपक्याचे तर मुलीच्या बॅगेत आहेत. आज तेच घेऊन जाते, ती क्लासहून यायच्या आत परत ठेवले म्हणजे झालं.