मदत हवी आहे : कारखानदाराने कोणती पुस्तके वाचावीत?

नमस्कार. बेळगावच्या उद्यमबागेत माझे छोटे मशीन शॉप आहे. तीन लेथ (धातू कातण्याची यंत्रे), पाच कामगार आणि फौंड्रीतून येणाऱ्या कास्टिंगचे, म्हणजे ओतीव भागांचे, जॉबवर्क (दुसऱ्यांसाठी मजुरीवर करून दिलेले काम). लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली याच गावात सायकलचे दुकान काढले आणि पुढे १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी केली, हे वडिलांकडून अनेकदा ऐकले असल्यामुळे धंदा वाढवायचा असतो एवढेच मी गृहीत धरले होते. गेल्या महिन्यात मात्र आमच्या सर्वांत जुन्या कारागिराने लेथ थांबवून, तेलकट हात चिंधीला पुसत विचारले, "मालक, चौथे मशीन कशासाठी?" मला नीट उत्तर देता आले नाही.

धंदा किती वाढवावा, कर्जाचे ओझे कसे पेलावे, कामगारांशी नाते कसे ठेवावे आणि घराला किती वेळ द्यावा, याचा प्रामाणिक विचार करणारी पुस्तके कृपया सुचवा. झटपट श्रीमंतीची पुस्तके नकोत. उद्योजकाने स्वतःच्या चुकांसह लिहिलेले आत्मचरित्र असेल तर फारच उत्तम. मराठीला प्राधान्य आहे, पण कन्नडही मी सहज वाचतो. एखाद्या पुस्तकामुळे आपला कोणता निर्णय बदलला, हेही अवश्य लिहावे.