वकील मंडळी, खरं सांगा: कोट काढून ठेवावासा वाटतो का?

परवा माळा आवरताना माझा काळा कोट सापडला. खिशात पिवळा पडलेला गळ्याचा पांढरा बँड आणि 2017 ची एक अर्धवट फाटलेली बोर्डाची, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसच्या यादीची, प्रत. नऊ वर्षं तालुका कोर्टात वकिली केली, मग सोडली. नातेवाईक अजूनही लग्नपत्रिकेत माझ्या नावामागे 'ॲड.' छापतात. सोडताना वाटायचं, आपल्यातच काहीतरी कमी आहे. पण बाररूममधले जुने मित्र भेटले की चहा संपायच्या आत एकजण तरी म्हणतोच, "पोरांना यात घालायचं नाही बाबा."

म्हणून हा धागा. नुसतं 'पैसा नाही' लिहू नका, काय घडलं ते लिहा. नावं कोणाचीच नकोत.

माझं सांगतो. वाटपाचा दावा होता, वादी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आजी. एसटीने यायची, पायरीवर बसायची. एकदा समोरच्यांचा मुदतीचा अर्ज, एकदा साहेब रजेवर, एकदा स्टेनो नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेत एका पक्षकाराला सुनावणीत तीनपेक्षा जास्त वेळा मुदत देऊ नये असं लिहिलेलं आहे. आमच्या रोजनाम्यातल्या, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीतल्या, तारखा मी मोजायच्याच सोडल्या. एका दुपारी पुढची तारीख सांगायला गेलो तर आजीने फडक्यातली अर्धी भाकरी मोडून माझ्या हातात दिली. "तू बी दमला असशील, बाळा."

सरतपासाचं, म्हणजे आजीच्या स्वतःच्या साक्षीचं, शपथपत्र दाखल होतं, उलटतपास बाकी होता. तेवढ्यात आजी गेली. उलटतपास झालेला नाही, शपथपत्र पुराव्यात वाचू नये, असा समोरून अर्ज आला. त्यांच्या जागी मी असतो तर मीही तोच दिला असता. हेच मला पचलं नाही.

रिकामी_फाइल (पुणे)
दादा, मी सनद घेऊन दोन वर्षं झाली. सिनियर महिन्याला तीन हजार देतात, तेही आठवण केली तर. कामं म्हणजे नकलेचे अर्ज, तारखा घेणं आणि "सर वरच्या कोर्टात आहेत" म्हणत पासओव्हर, म्हणजे केस थोड्या वेळाने घ्या अशी विनंती, मागणं. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर 2024 मध्ये पत्रक काढलं: जुनिअरला शहरात किमान 20 हजार, ग्रामीण भागात 15 हजार स्टायपेंड द्यावा. शिफारसच ती, सक्ती कुठली! मी प्रिंट काढून सरांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी कोऱ्या बाजूवर मला नोटिशीचा मसुदा उतरवून घ्यायला लावला.

मोगरा_७
मी कौटुंबिक न्यायालयात आहे. रात्री अकराला फोन येतो, "ताई, तो दाराशी उभाय." अशा वेळी कलमं सांगून काय होतं? पोलिसांना फोन लावून द्यायचा आणि ती झोपेपर्यंत आपण जागं राहायचं. मुलाच्या ताब्याच्या केसमध्ये एकदा मुलाची भेट ठरली होती, वडील आलेच नाहीत. पोराने तासभर बुटाची लेस बांधली आणि सोडली. आमच्या अर्जाला ते न येणं सोयीचं होतं, आणि मी ते लगेच टिपून घेतलं. घरी जाऊन स्वतःचाच राग आला.
बाकी "मोठे साहेब कधी येणार?" हे बारा वर्षांनंतरही ऐकते. साहेब नाहीत हो, मीच आहे.

सहा_मिनिटं
मुंबईत बीकेसीत लॉ फर्मला. पगार चांगला, तक्रार करायला लाज वाटते. पण क्लायंटच्या बिलासाठी दिवस सहा-सहा मिनिटांच्या तुकड्यांत लिहायचा असतो. आईचा फोन आला की मनात आपोआप मोजणी सुरू.

जुना_खोंड (सांगली)
पोरांनो, चाळीस वर्षं झाली मला. हायकोर्टाच्या कामाला रात्रीच्या गाडीने मुंबई गाठायचो. 18 ऑगस्ट 2025 ला कोल्हापुरात हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालं तेव्हा गुडघे संपलेत.
माझं दुखणं फीचं. जामीन होईपर्यंत आपण देव, झाल्यावर फोन बंद. जाहिरात करायची नाही, निकालावर हिस्सा ठरवायचा नाही. फी थकली म्हणून फाइलही अडवता येत नाही, सुप्रीम कोर्टाने 2000 सालीच सांगितलंय. नियम योग्यच आहेत. पण वाण्याने तरी काय उधारीवरच दुकान चालवायचं का?
तरी उलटतपासात साक्षीदार एका वाक्यावर अडला की अजून अंगावर काटा येतो. तेवढ्यासाठी जातो.

तापलेला_अकोलेकर
उन्हाळ्यात जिल्हा कोर्टात काळा कोट सक्तीचा नाही. पण कोट काढला की पक्षकार आपल्याला अर्ज लिहिणारा समजतो. मग काय, चव्वेचाळीस अंशात घाला बाप्पा!

रिकामी_फाइल
दादा, आजीच्या दाव्याचं पुढे काय झालं?

धागाकर्ता
मुलांना वारस म्हणून रेकॉर्डवर घेतलं होतं. वकिली सोडताना फाइल दुसऱ्या वकिलांकडे दिली, ना हरकत लिहून. तुझा प्रश्न वाचून आत्ता ई-कोर्ट्सवर केस नंबर टाकला. टप्पा: वादीचा पुरावा. पुढची तारीख पडलीय.