मदत हवी आहे: बेल्ट न विकता ज्युदो क्लास चालवता येतो का? (नागपूर, आणि 'रेडबेल्ट' सिनेमा)

नमस्कार मंडळी,

धागा लांब होणार आहे. सिनेमाबद्दल पण आहे आणि आमच्या क्लासबद्दल पण, दोन्ही वेगळं काढता येत नाहीये म्हणून एकत्रच लिहिते. सिनेमाचा शेवट खाली आलाय, ज्यांना आधी बघायचाय त्यांनी बघून मग वाचा.

मी मानेवाडा भागातल्या एका ज्युदो क्लासमध्ये शाळेत असल्यापासून शिकले आणि आता तिथेच सरांच्या हाताखाली लहान मुलींची बॅच घेते. सर फार कडक. पहिले कितीतरी महिने फक्त पडायलाच शिकवतात, पाठीवर, कुशीवर, पुढे लोळून, आणि जोवर पोरगं न घाबरता पडायला शिकत नाही तोवर कोणाला उचलून टाकायचं नाव काढू देत नाहीत. बेल्टची परीक्षा वर्षातून एकदाच, आणि नापास म्हणजे नापास, मग बाप कोणी का असेना. फी महिन्याला ५०० रुपये, पोरं ३५ च्या आसपास, त्यातले दहा-अकरा जण फी देतच नाहीत कारण त्यांच्या घरी तेवढे पैसेच नसतात आणि सर मागत नाहीत.

आता झालंय असं की हॉलमालकाने भाडं १२ हजाराचं १८ हजार मागितलंय. जवळच दुसरा एक क्लास सुरू झालाय, तिथे दर तीन महिन्यांनी बेल्टचा रंग बदलतो, दर वेळी परीक्षा फी वेगळी, मेडल आणि फोटो वेगळा, आणि आमच्याकडचे पालक येऊन विचारून राहिले की आमच्या मुलाचा पिवळा अजून काऊन नाही झाला. त्याच क्लासवाल्यांनी सरांना ऑफर दिली, तुमचं नाव आणि फोटो बोर्डावर लावू, हॉलचं भाडं आम्ही भरतो, फक्त परीक्षा आमच्या पद्धतीने घ्यायची. सर नाही म्हणाले. विचार करून सांगतो वगैरे पण नाही, सरळ नाही.

याच दरम्यान मैत्रिणीने 'रेडबेल्ट' हा सिनेमा पाठवला, २००८ चा आहे, डेव्हिड मॅमेटने लिहून दिग्दर्शित केलेला. लॉस एंजेलिसमध्ये माइक टेरी नावाचा जिऊ-जित्सूचा (ज्युदोसारखीच पकडीची विद्या) मास्टर (चिवेटेल एजिओफॉर, काय काम केलंय त्याने) छोटासा क्लास चालवतो. स्पर्धेत उतरायचं नाही, स्पर्धेने माणूस कमजोर होतो, हे त्याचं तत्त्व. क्लासमध्ये एक पद्धत असते, काळ्या-पांढऱ्या गोट्यांतून गोटी काढायची, ज्याला काळी येईल त्याने हात बांधून वगैरे काहीतरी अडचण घेऊन लढायचं. ही पद्धत फाइट प्रमोटर लोक त्याला न विचारता उचलतात आणि टीव्हीवरच्या शोचं आकर्षण करून टाकतात. त्याचा एक विद्यार्थी, पोलीसवाला, पैशाच्या आणि अब्रूच्या भानगडीत जीव देतो, आणि त्याच्या बायकोला मदत करता यावी म्हणून माइक शेवटी बक्षिसाच्या रकमेसाठी उतरायला तयार होतो. तिथे कळतं की सगळंच आधी ठरलेलं आहे, शोमधला जादूगार हातचलाखीने गोट्या बदलतोय. मग त्याची खरी लढत रिंगमध्ये होतच नाही, रिंगकडे जायच्या वाटेवर होतं.

सगळे परीक्षणवाले माइकच्या तत्त्वाबद्दल लिहितात. मला मात्र पूर्ण सिनेमाभर त्याची बायको सोंड्रा (अॅलिस ब्रागा) दिसत राहिली. तिचा कपड्यांचा धंदा असतो, क्लासचा खर्च तिच्या पैशांवर निभतो, कापडासाठी ३० हजार डॉलरचं कर्ज ती उचलते, नवऱ्याच्या क्लासची काच फुटते तेव्हा भरपाईची चिंता तीच करते. आणि शेवटी सिनेमा तिला धोका देणारी ठरवून मोकळा होतो. तिने केलं ते बरोबर नव्हतंच, पण ती तिथवर पोचली कशी हे दाखवायला मॅमेटकडे दोन मिनिटं पण नव्हती का?

आमच्या काकू, म्हणजे सरांच्या बायको, फॉल-पिको आणि ब्लाउज शिवतात. लग्नसराईत रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मशीन चालू असते. क्लासचं भाडं कमी पडलं की ते तिथून जातं हे आम्हा जुन्या पोरांना सगळ्यांना माहीत आहे आणि कोणी बोलत नाही. काकूंनी कधी एक शब्द काढला नाही. पण मागच्या महिन्यात त्या मला म्हणाल्या, "बाई, डोळ्याला आता काळा दोरा दिसत नाही ग." बस, एवढंच.

तर मला सरांचं तत्त्व बदलायचं नाहीये. ते बरोबर आहेत असं मला मनापासून वाटतं, कारण जी पोरगी पडायला शिकली नाही तिला ब्राउन बेल्ट देणं म्हणजे तिला फसवणं आहे, रस्त्यावर कोणी हात धरला तर बेल्टचा रंग काही कामाचा नाही. पण त्या तत्त्वाचं बिल काकूंनी भरावं हे पण मला मान्य नाही. म्हणून विचारते:

नागपुरात संध्याकाळी स्वस्तात जागा कुठे मिळू शकते? मॅट अंथरून परत उचलायची आमची तयारी आहे. संस्था रजिस्टर करावी का, आणि त्याचा खरंच फायदा होतो का? आणि सरांना पैशाबद्दल बोलायचं कसं, हे कोणी केलंय का? ते ऐकूनच घेत नाहीत.

—

प्रतिसाद (अजनीवाला):

ताई, जागेचं आधी सांगतो. हॉलच्या मागे लागू नका, मनपाची समाजभवनं आणि संध्याकाळी रिकाम्या असणाऱ्या शाळा बघा. तुमच्या झोन ऑफिसला लेखी अर्ज करा आणि पोच घ्या, नुसतं तोंडी विचाराल तर "साहेब मिटिंगमध्ये आहेत" हेच ऐकाल. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात पण एक अर्ज टाका. मानकापूरचं क्रीडा संकुल तुम्हाला लांब पडेल, मानेवाड्याहून लहान पोरं रोज तिकडे जाणार नाहीत.

पण अर्ज एका माणसाच्या नावाने गेला तर कोणी विचारत नाही, म्हणून संस्था कराच. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सोसायटीला कमीत कमी सात सभासद लागतात, आणि आपल्याकडे सोबतच सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा, १९५० खाली पण नोंदणी होते, काम धर्मादाय आयुक्त कार्यालयात. नंतर दरवर्षी हिशोब सादर करावा लागतो, ते करायची तयारी असेल तरच हात घाला. बँक खातं संस्थेच्या नावाने, पावतीपुस्तक पहिल्या दिवसापासून. आणि काकूंनी आजवर भरलेलं भाडं कुठेतरी लिहून काढा. परत देता येईल न येईल, पण कागदावर आलं पाहिजे.

—

प्रतिसाद (फिल्मी_विदर्भ):

सिनेमाबद्दल थोडं वेगळं मत. माइकने स्पर्धेला होकार दिला तिथेच तत्त्व मोडलं असं बरेच जण म्हणतात, मला नाही पटत. तो विधवेसाठी उतरतो, आणि शेवटी लढतो ते पैसे मिळण्याची शक्यता संपल्यावर. सोंड्राबद्दल मात्र तुमच्याशी शंभर टक्के सहमत. शेवटी म्हाताऱ्या गुरूकडून लाल बेल्ट मिळतो, टाळ्या होतात, पण त्या घराचं भाडं अजून थकलेलंच आहे.

तुमचे सर ज्युदोवाले आहेत तर त्यांना एक गोष्ट आठवण करून द्या. डॅन म्हणजे वरच्या श्रेणी आणि काळा बेल्ट हे ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनीच आणलं, त्यांनी १८८२ मध्ये कोडोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली. सिनेमातली जिऊ-जित्सू पण त्याच घरातली, कोडोकानचा माएदा ब्राझीलला गेला आणि त्याच्याकडून ती तिथल्या ग्रेसी घराण्यात पोचली. आणि कानो स्वतः पेशाने शिक्षक होते, शाळा चालवायच्या म्हणजे व्यवस्था बघावीच लागते. संस्थेचा हिशोब नीट ठेवणं म्हणजे विद्या विकणं नाही, हे सरांना त्यांच्याच गुरुपरंपरेतून सांगा, ऐकतील.

—

प्रतिसाद (गणिताच्या_बाई):

फीचं सोपं गणित मांडते. फी देणारे २४ धरा. ५०० ने १२ हजार होतात, म्हणजे जुनं भाडं जेमतेम. ८०० केली तर १९,२००, नवीन भाडं निघतं आणि अकरा पोरं तशीच फुकट शिकतात. शिकवण्याची फी वाढवणं आणि बेल्टची किंमत लावणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, सर ते एकत्र करून राहिले असं वाटतं. ज्या पालकांना जमेल त्यांना विचारा, दुसऱ्या एका मुलीची फी भराल का. नाव सांगायचं नाही.

आणि पालकांना स्पष्ट सांगा की दहावी-बारावीचे क्रीडा गुण मान्यताप्राप्त स्पर्धांतल्या सहभागावर आणि कामगिरीवर मिळतात, क्लासच्या बेल्टवर नाही. अर्ध्या लोकांना हे माहीतच नसतं आणि ते रंगाच्या मागे पळतात. अजून एक, सरकारी शाळांत सहावी ते बारावीच्या मुलींसाठी रानी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण म्हणून योजना आहे. जिल्हा परिषदेच्या आणि मनपाच्या शिक्षण विभागात चौकशी करा, तुम्ही स्वतः प्रशिक्षक म्हणून जाऊ शकता, मानधन मिळतं.

—

धागाकर्ती:

सगळ्यांचे खूप आभार, एवढ्या लवकर इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. फीचं गणित वहीत उतरवून सरांपुढे ठेवलं. पहिले गप्प राहिले, मग म्हणाले की अकरा पोरांपैकी एकाला पण ही वाढ कळता कामा नये. म्हणजे तयार आहेत. मग मी काकूंच्या भाड्याचं काढलं तर उठून मॅट झाडायला गेले, पण नाही म्हणाले नाहीत.

सात सभासदांपैकी पाच नावं झाली, काकू खजिनदार व्हायला तयार आहेत, अट एकच की पावतीपुस्तक त्यांच्याकडे राहील. झोन ऑफिसचा अर्ज सोमवारी देते. आता अडलंय ते घटनेवर, म्हणजे संस्थेचे नियम आणि उद्देश. कोणाकडे खेळाच्या छोट्या संस्थेची मराठीतली घटना नमुना म्हणून असेल तर प्लीज व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. त्यात परीक्षा फी कधीच घेतली जाणार नाही हे कलम टाकायचंय, आणि ते नंतर कोणाला सहज काढता येऊ नये असं कसं लिहायचं ते पण सांगा.