बाटलीवरच्या सोळा दिवसांच्या पाटीला (शेळीच्या मादी करडाला) हगवण: दूध थांबवावे की चालू ठेवावे?

नमस्कार. मी लातूर जिल्ह्यातील औसा तालुक्यात राहते. आमच्याकडे अकरा उस्मानाबादी शेळ्या आहेत. त्यांतील एक शेळी सोळा दिवसांपूर्वी तिसऱ्या वेताला व्याली आणि तिला तीन करडे झाली. मात्र दुसऱ्याच दिवशी तिच्या एका सडाला दगडी (कासेचा दाह) झाल्यामुळे दोन करडे आईखाली ठेवून सर्वांत बारीक पाटीला मी बाटलीवर घेतले. पहिल्या दिवशी तिने आईचा चीक पोटभर प्यायला होता, हे मुद्दाम नोंदवते, कारण सर्वप्रथम तेच विचारले जाईल.

पहिले अकरा दिवस शेजाऱ्यांच्या गाईचे दूध दिले आणि पाटीची प्रकृती उत्तम होती. ती गाय त्यांनी हाळीच्या बाजारात विकल्याने पाच दिवसांपासून घरच्या म्हशीचे निर्जळ दूध कोमट करून देत आहे. शीतपेयाची २५० मिलिलिटरची बाटली भरून, दिवसातून चार वेळा. ओढायला त्रास होऊ नये म्हणून निपलचे छिद्र तापवलेल्या सुईने थोडे मोठे केले आहे. दोन दिवसांपासून हगवण लागली: आधी पिवळट, दह्यासारखी, आंबूस वासाची आणि कालपासून अगदी पातळ. रक्त किंवा आव नाही. आज सकाळी गुदमार्गातून ताप मोजला, तो १०२.४ अंश फॅरनहाइट भरला. पिशवीत घालून ताणकाट्यावर केलेले वजन ३ किलो ६०० ग्रॅम आहे. बाटली दिसली की ती धावत येते आणि संपल्यावरही ओरडत राहते.

सासूबाई डाळिंबाची साल उगाळून द्यायला सांगतात, दीर माणसांची जुलाब थांबवणारी गोळी अर्धी करून द्यावी म्हणतात, तर औषध दुकानदाराने प्रतिजैविकाची बाटलीच पुढे केली. मी यांपैकी काहीही दिलेले नाही. काल फक्त ओआरएसचे अर्धे पाकीट ग्लासभर पाण्यात ढवळून पाजले. दूध पूर्ण बंद करावे का, आणि औषध द्यायचे असल्यास कोणते, याबाबत मार्गदर्शन हवे आहे.

प्रतिसाद १ (शेळीपालक, अहमदपूर)

ताई, औषधाकडे वळण्यापूर्वी तुम्हीच दिलेल्या आकड्यांचा हिशेब करून पाहा. करडाला दिवसभरात वजनाच्या १० ते १५ टक्के दूध पुरते, म्हणजे तुमच्या पाटीला ३६० ते ५४० मिलिलिटर. तुम्ही पूर्ण एक लिटर देत आहात आणि तेही म्हशीचे, ज्यात गाईच्या दुधाच्या जवळजवळ दुप्पट स्निग्धांश असतो. न पचलेले दूध पुढे आतड्यात जाऊन आंबते; तुम्ही सांगितलेला आंबूस वास बहुधा त्याचाच आहे. बाटलीवरचे करडू पोट भरल्यावरही ओरडते, त्याला भुलू नये. मी स्वतः अशा ओरडण्याला भुलून एक करडू गमावले आहे.

निपल आजच बदला. छिद्र मोठे असले की करडू चोखत नाही, नुसते गिळते. चोखताना अन्ननलिकेच्या टोकाशी असलेली खोबण मिटते आणि दूध थेट चौथ्या पोटात उतरते. घटाघटा गिळलेले दूध पहिल्या पोटात सांडते आणि तिथे सडते. पाजताना करडू उभे असावे आणि मान आईखाली असते तितकीच वर असावी.

ओआरएसचे पाकीट पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यातच कालवावे. तुम्ही केले तसे दाट द्रावण आतड्यात उलट पाणी ओढून घेते आणि हगवण वाढवते. आज दुधाच्या दोन वेळा टाळून दर तीन तासांनी ७०-८० मिलिलिटर कोमट द्रावण द्या. उद्यापासून शक्यतो गाईचे किंवा दुसऱ्या शेळीचे दूध १०० मिलिलिटर, दिवसातून चार वेळा. द्रावण मात्र दुधात न मिसळता दोन तासांच्या अंतराने. एका दिवसापेक्षा अधिक काळ उपाशी ठेवू नका, कारण एवढ्या लहान जिवाच्या अंगात साठा नसतो.

प्रतिसाद २ (पशुवैद्यकीय पदवीधर, परभणी)

वरील सल्ल्याशी मी सहमत आहे. माणसांची जुलाब थांबवणारी गोळी मात्र देऊ नये: ती आतड्याची हालचाल बंद पाडते आणि जंतू किंवा विष असल्यास ते आतच अडकते. १०२.४ अंश हे करडाचे नेहमीचेच तापमान आहे, म्हणजे ताप नाही आणि चोखण्याची ओढ टिकून आहे, तोवर प्रतिजैविकाचीही घाई नको.

मानेची कातडी चिमटीत धरून सोडावी. ती लगेच सपाट झाली नाही, डोळे खोल गेले, किंवा तोंडात घातलेल्या बोटाला गारवा जाणवला आणि करडाने ते चोखले नाही, तर बाटली लावूच नका, कारण द्रव फुप्फुसात जाईल. अंगाचे तापमान १०० अंशांखाली असल्यास आधी गोणपाट आणि गरम पाण्याच्या बाटल्यांनी ऊब द्यावी, दूध नंतर. अशा वेळी थांबू नये. १९६२ या क्रमांकावर फिरत्या पशुवैद्यकीय पथकाला बोलवावे.

तिसऱ्या आठवड्यानंतर कॉक्सिडिया या परजीवीमुळेही हगवण लागते आणि तिच्यात कधीकधी रक्तही दिसते. त्याचे औषध निराळे असल्याने विष्ठेचा ताजा नमुना स्वच्छ डबीत घालून दवाखान्यात तपासून घ्यावा. या वयातील हगवणीचे काही जंतू माणसालाही बाधतात, म्हणून घरात लहान मूल असल्यास साबणाने हात धुण्यात हयगय नको.

मूळ प्रश्नकर्ती, तीन दिवसांनंतर

दोघांचेही आभार. त्याच संध्याकाळी निपल बदलले आणि दुसऱ्या गल्लीतून गाईचे दूध लावले. पहिल्या रात्री पाटीने इतका आरडाओरडा केला की सासूबाईंनी माझ्याशी बोलणे टाकले. काल दुपारी विष्ठा शिऱ्याइतकी घट्ट झाली आणि आज पहाटे चार-पाच मऊ लेंड्या दिसल्या. वजन ३ किलो ४५० ग्रॅमवर आले आहे, मात्र ती उड्या मारते आहे. दूध सध्या १०० मिलिलिटर, दिवसातून चार वेळा आहे. उद्यापासून प्रत्येक वेळी २० मिलिलिटर वाढवणार आहे. नमुना सोमवारी तालुक्याच्या दवाखान्यात देईन आणि अहवाल येथेच लिहीन. आईखालच्या दोन करडांचाही नमुना सोबत द्यावा का, एवढेच आता विचारायचे आहे.