सात वर्षांच्या मुलीला खडकीची लढाई कशी सांगू?

ओवीची_आई
रविवारी लेकीला घेऊन पर्वतीवर गेलो होतो, दुसरीत आहे ती. तिथे ती खिडकी आहे ना, तिच्यापाशी मी सहज बोलून गेले की इथून दुसरा बाजीराव पेशवा इंग्रजांशी झालेली खडकीची लढाई बघत होता. झालं! बघत का होता, लढत का नव्हता, आपण जास्त होतो तरी कसे हरलो, घरी येईपर्यंत हेच. मला ५ नोव्हेंबर १८१७ ही तारीख माहितीये आणि नंतर शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण लागलं एवढं, बाकी तह, तैनाती फौज हे तिला काय सांगणार. खोटं सांगायचं नाहीये आणि घाबरवायचंही नाहीये. कुणी सांगितलंय का आपल्या मुलांना?

गणेशखिंडकर_आजोबा
ताई, तह राहू द्या, आधी जागा सांगा. मुळा-मुठेच्या संगमावर इंग्रजांचा वकील, म्हणजे पेशव्यांच्या दरबारातला त्यांचा प्रतिनिधी, एल्फिन्स्टन राहायचा, तो त्या दिवशी माणसं घेऊन खडकीला आपल्या फौजेकडे निघून गेला आणि मागे पेशव्यांच्या माणसांनी त्याचा बंगला जाळला, पुस्तकं कागद सगळ्यासकट. लढाई झाली ती खडकी आणि आजचं पुणे विद्यापीठ यांच्यामधल्या माळावर. इंग्रजांकडे तीन हजारही माणसं नव्हती, पेशव्यांकडे कित्येक पट आणि त्यात घोडेस्वार भरपूर. पेशव्यांचे सेनापती बापू गोखल्यांनी घोडी सोडली भरधाव आणि मधेच दलदल लागली, लांबून दिसतच नव्हती. पुढची घोडी रुतली, मागची त्यांच्यावर आली, समोरून बंदुका सुरू. मी नातवाला परातीत चिखल करून वर कोरडी माती भुरभुरून दिली आणि प्लास्टिकचे घोडे पळव म्हटलं. बोटाला माती लागली तेव्हाच त्याला कळलं, मला बोलावंच लागलं नाही.

मिलिंद_चिंचवड
काका परातीची आयडिया भारी, पण चिखलामुळे हरलो एवढंच तिच्या डोक्यात बसायला नको. कॅप्टन फोर्डची दापोडीची पलटण होती, पेशव्यांच्याच पैशावर उभी केलेली, ती लढाईच्या दिवशी इंग्रजांना जाऊन मिळाली. आणि इंग्रजांच्या रांगेत उभे होते त्यातले बरेच शिपाई इथलेच. हे सांगाच, फक्त 'गद्दार' शब्द नका देऊ तिच्या हातात, एकदा तो शब्द मिळाला की मुलं पुढचं काही विचारतच नाहीत. पगार कोण देतं, हुकूम कोण देतं, कवायत कुणी शिकवली, एवढं सात वर्षांच्या पोराला समजतं.

राधा_ठाणे
आणि प्लीज 'पळपुटा बाजीराव' पण नको. आम्हाला लहानपणी तेवढंच सांगितलं होतं, त्यामुळे बापू गोखले कोण हे मला तिशीत कळलं. खडकीच्या त्या दिवशी पेशव्यांचे सरदार मोर दीक्षित जरीपटक्याजवळ, म्हणजे मराठ्यांच्या निशाणाजवळ, लढताना पडले. बापू तर पुढेही लढत राहिले, फेब्रुवारी १८१८ मध्ये आष्टीच्या लढाईत मारले गेले. पेशव्यांनी खडकीनंतर बारा दिवसांच्या आत पुणं सोडलं, १७ नोव्हेंबरला वाड्यावर निशाण, हे खरंय आणि ते लपवू नका, पण आधी बापूंचं सांगा मग खिडकीचं.

ओवीची_आई
सगळ्यांना मनापासून थँक्यू. काल परात घेऊन बसलो बाल्कनीत, कुंडीतलीच माती. बापू गोखल्यांचा घोडा तिने स्वतः निवडला, पांढरा, आणि तो रुतला तेव्हा गप्पच झाली जरा वेळ. मग दोन्हीकडे सारखेच शिपाई ठेवले तिने, म्हणाली हे पण इथलेच ना. मग आतून पेन्सिल घेऊन आली, चिखलात टोचून बघितली आणि विचारते, घोडे सोडायच्या आधी कुणी असं काठी घालून का नाही बघितलं? काका, याला काय सांगू? शनिवारी विद्यापीठाच्या बाजूला चाललोय, तिला बघायचंय चिखल अजून आहे का.